खालच्या सप्तकाची डबी

जयवंत राणे हा मुळात वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. घाटकोपरच्या भटवाडीत, एका खोलीच्या संसारात तो वाढला. वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते. संप झाला, गिरणी बसली आणि गिरणीबरोबर वडीलही घरी बसले. जयवंत तोवर विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटला होता. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी बेस गिटार, असं त्याचं आयुष्य दोन पाळ्यांत चाललेलं. मुलुंडच्या अनंतराव परबांच्या ऑर्केस्ट्रात तो अकरा वर्षं बेस वाजवत होता.

बेस वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. गायकाला हार पडतात, ढोलकीला शिट्ट्या पडतात, ट्रंपेटवाला नुसता उभा राहिला तरी पोरी हळूच बघतात. चार जाड तारांची गिटार घेऊन मागे उभा असलेला माणूस नक्की काय करतो, हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. जयवंतने हे मान्य केलं होतं. आपल्याकडे कोणी बघत नाही, पण निदान आपल्या जागी दुसऱ्या कोणाकडेही बघत नाहीत, एवढ्या समाधानावर त्याची अकरा वर्षं सुखात गेली. मग धर्मा आला.

धर्मा वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. बावीस वर्षांचा, उंच, काळासावळा, हसरा. साधी गिटार वाजवायला म्हणून तो ऑर्केस्ट्रात आला. जयवंतची कारखान्यात रात्रपाळी लागली की कार्यक्रमाला बेसवाला नसायचा आणि अनंतराव, म्हणजे सगळ्यांचे मास्तर, कपाळाला हात लावायचे. तेव्हा जयवंतनेच धर्माला जवळ घेतलं. स्वतःची गिटार त्याच्या गळ्यात अडकवली, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, ताल कुठे सोडायचा नि कुठे धरायचा ते शिकवलं. अडीअडचणीला माणूस असावा, एवढाच हेतू. आपल्या जागेवर बसणारा माणूस आपणच घडवतोय, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका रविवारी धर्मा तालमीला आला तो पिशवीतून एक निळी डबी घेऊन. त्याचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर होता, त्याने ती सिंगापूरहून आणली होती. गिटारची वायर डबीत, डबीची वायर अँपमध्ये, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या पेटीत, वर पायाने दाबायचं बटण. धर्माने बटण दाबलं, एक तार छेडली आणि हॉलमधले सगळे वळले. एकच सूर, पण तो दोघातिघांनी मिळून धरल्यासारखा पसरत गेला. मास्तर हार्मोनियमवरून मान वर करून म्हणाले, “अरे, हे काय गोड वाजतंय?”

अकरा वर्षांत मास्तरांनी जयवंतच्या वाजवण्याबद्दल दोनच वाक्यं उच्चारली होती. एक, आवाज कमी कर. आणि दुसरं, उद्या लवकर ये.

त्या दिवसापासून जयवंतला धर्मा डोळ्यांसमोर नकोसा झाला. त्याचं हसणं खुपायला लागलं, त्याचा नवा शर्ट खुपायला लागला, बिचारा चहा आणून द्यायचा तर तो चहाही कडू लागायला लागला. जयवंतने स्वतःच्या समाधानासाठी एक वाक्य तयार केलं: वाजवते ती डबी, धर्मा नाही. हे त्याने ट्रंपेटवाल्याला सांगितलं, ढोलकीवाल्याला सांगितलं, कारखान्यात ज्यांना बेस म्हणजे काय हेही माहीत नव्हतं त्यांना सांगितलं. घरी बायकोला, प्रेमाला, तर रोज सांगायचा. प्रेमा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, मग तुम्हीपण घ्या की एक डबी. जयवंत दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

खरं तर डबी मिळण्याचा सरळ रस्ता होता. धर्मानेच एकदा बाजूला घेऊन विचारलं, “दादा, भाऊ परत चाललाय बोटीवर. तुला कुठली पायजे सांग ना, आणेल तो.”

“मला नाय लागत रे असल्या गोष्टी,” जयवंत म्हणाला. “आपली बोटं आहेत.”

धर्मा वरमला. त्याला वाटलं, दादा किती वरच्या पायरीवर आहे. दादा मात्र त्याच संध्याकाळी कारखान्यातून सुटून थेट नंदूच्या दुकानात गेला.

नंदू हा असल्फ्याच्या रस्त्याला रेडिओ दुरुस्त करायचा. बाहेरून आलेलं कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्याने अशी डबी आपणही बनवू म्हणून छाती ठोकली आणि आठ दिवसांत एका ॲल्युमिनियमच्या साबणदाणीत सगळा मालमसाला भरून दिला. जयवंतने ती जोडून वाजवली तर शेजारच्या बाईने मिक्सर बंद करा म्हणून सांगायला माणूस पाठवला. मग अंधेरीला बाहेरगावचा माल विकणाऱ्या एका दुकानात त्याला एक डबी सापडली. दुकानदार ती टेपरेकॉर्डरचा चार्जर म्हणून विकत होता. तिचा आवाज असा, की कोणीतरी गाणं चालू असताना नळ सोडतोय आणि बंद करतोय. तीही त्याने खाली ठेवली.

धर्माच्या डबीसारखीच निळी डबी एका ठिकाणी मिळत होती. पण तीच घेतली तर लोक म्हणणार, जयवंतने धर्माची नक्कल केली. जयवंतला धर्मासारखं वाजवायचं नव्हतं. धर्मा उघडा पडेल असं काहीतरी वाजवायचं होतं. आवाज आपल्याला शोभतो का, गाण्याला शोभतो का, हे बघून माणूस वस्तू निवडतो. जयवंत मात्र प्रत्येक डबी हातात घेऊन एवढंच बघत होता, की ही ऐकल्यावर त्या पोराचं तोंड कसं होईल.

त्यातच श्रावणात मास्तरांनी तालमीत सांगितलं, की गणपती झाल्यावर ऑर्केस्ट्रा मस्कतला जाणार. तिथल्या मराठी मंडळाने बोलावलंय, पण तिकिटं मोजकी आहेत. बेसवाला एकच जाईल. मास्तरांचा स्वभाव भिडस्त, जयवंतला सरळ नाही म्हणवत नव्हतं आणि धर्माला डावलवत नव्हतं. म्हणून त्यांनी तोड काढली: सातव्या दिवशी मुलुंडच्या मंडळाचा कार्यक्रम आहे, त्यात मध्यंतरापर्यंत जयवंत वाजवेल, नंतर धर्मा. स्वतः मास्तर त्या दिवशी स्टेजवर बसणार नाहीत, समोर खुर्चीत बसून ऐकतील आणि मग ठरवतील.

जयवंतने आयुष्यात विमान फक्त खालून पाहिलं होतं. पण खोटं कशाला बोला, मस्कतचं त्याला एवढं काही नव्हतं. आपण विक्रोळीला कारखान्यात पाट्या टाकतोय आणि धर्मा विमानातून उतरतोय, हे चित्र त्याला जेवू देत नव्हतं.

शेवटी गोरेगावला एका म्हाताऱ्या वादकाचा पत्ता मिळाला. हा गृहस्थ एके काळी स्टुडिओत रेकॉर्डिंगला बेस वाजवायचा. आता बेसचं काम कीबोर्डवरच उरकायला लागले होते आणि त्याला बोलावणं येत नव्हतं. त्याच्याकडे एक तपकिरी डबी होती. आपण वाजवू त्या सुराच्या बरोब्बर एक सप्तक खालचा सूर ती आपोआप काढायची. म्हाताऱ्याच्या खोलीत कपाटाएवढा स्पीकर होता. जयवंतने एक तार छेडली आणि मांडणीवरचे कप किणकिणले, फरशीतून पायाच्या नडग्यांपर्यंत सूर चढला. धर्माचा गोड सूर याच्यापुढे पोरासोरांचा खेळ वाटला. म्हाताऱ्याने डबी पुसून हातात देताना बजावलं, की याला मोठा स्पीकर लागतो, लहानावर हा सूर उमटतच नाही. जयवंत म्हणाला, आमचा अँप चांगला मोठा आहे. लग्नातली अंगठी मोडून त्याने डबी घरी आणली. प्रेमाने रिकाम्या बोटाकडे बघितलं, डबीकडे बघितलं आणि ताट आपटून वाढलं.

सातव्या दिवशी दुपारी चारलाच सगळे मंडपात जमले. मंडळाच्या स्पीकरवाल्याने त्याच्या पद्धतीने जोडणी केली होती: आठ भोंगे, बांबूंवर आणि विजेच्या खांबांवर बांधलेले, तोंडं चारी गल्ल्यांकडे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना घरबसल्या ऐकू आलं पाहिजे, हा मंडळाचा दंडक. अँपसमोर एक माइक ठेवला, तो भोंग्यांना जोडला, झालं.

अशा मंडपात मास्तरांच्या ऑर्केस्ट्राची एक रीत होती आणि ती जयवंतनेच घालून दिली होती. एकाने स्टेजवर वाजवायचं, दुसऱ्याने पार शेवटच्या रांगेच्या मागे जाऊन ऐकायचं आणि हाताने खुणा करायच्या. कारण स्टेजवर ऐकू येतं ते वेगळं आणि लोकांपर्यंत जातं ते वेगळं. धर्मा नेहमीसारखा पुढे आला नि म्हणाला, दादा, तू वाजव, मी मागे जातो.

जयवंतने डबीवर आधीच नॅपकिन टाकून ठेवला होता. कार्यक्रमाआधी धर्माने तो सूर ऐकला तर सगळा डावच फुकट गेला असता. पोरगा सावध होईल, काहीतरी तोड काढेल. म्हणून त्याने डबी न जोडताच दोनचार सूर वाजवले. धर्माने लांबून ठीक आहे अशी खूण केली. मग धर्मा वाजवायला बसला तेव्हा मागे जाऊन ऐकायची पाळी जयवंतची होती. जयवंत मुतारीला म्हणून गेला आणि पानाच्या गादीवर उभा राहिला. धर्माने थोडा वेळ वाट बघितली आणि शेवटी ढोलकीवाल्याला वाजवायला बसवून स्वतःच मागे जाऊन ऐकून आला.

संध्याकाळी सातला कार्यक्रम सुरू झाला. जयवंतने नॅपकिन काढला, बटण दाबलं आणि मूळ सुराची चावी पूर्ण बंद करून टाकली. नुसता खालचा सूर ठेवला. पहिल्याच गाण्याला स्टेजच्या फळ्या थरथरल्या. ढोलकीवाल्याने चमकून मागे बघितलं. जयवंतच्या पोटात, छातीत, दातांत तो सूर घुमत होता. इतकं भारी त्याने आयुष्यात वाजवलं नव्हतं. समोर पहिल्या रांगेत मास्तर मान वाकडी करून, कानाला हात लावून बसले होते. जयवंतला वाटलं, मास्तर तल्लीन झाले. तिसऱ्या गाण्याला त्यांनी हात वर केला, दोनदा. जयवंतने ती दाद समजली आणि मान लववली. पडद्याच्या कडेला धर्मा उभा होता, त्याचा चेहरा पडलेला होता. ते तोंड बघून जयवंतला जे सुख झालं ते लग्नातही झालं नव्हतं.

मध्यंतरानंतर धर्मा उभा राहिला. त्याने निळ्या डबीला पायच लावला नाही. गिटारच्या वरच्या पट्ट्यांवर, कडक नखीने, टणटणीत वाजवत राहिला. जयवंत अँपजवळ उभा राहून ऐकत होता आणि त्याला हसू येत होतं. काय हा फुसका आवाज. घाबरला पोरगा, डबी लावायचं विसरला. समोर लोक ताल धरून टाळ्या वाजवायला लागले, ते त्याने गायकाच्या खात्यावर टाकलं.

कार्यक्रम ऐकायला आलेली प्रेमा शेजारणींबरोबर आधीच घरी गेली होती. सामान आवरून जयवंत उशिरा पोचला तेव्हा ती झोपली होती. सकाळी चहा पुढे ठेवून तिने विचारलं, “काल तुमची लाईट गेली होती काय?”

“कसली लाईट?”

“हात हलताना दिसत होते. आवाजच नव्हता. आम्ही मागे बसलेलो ना, शकु मला म्हणते, तुझा नवरा आज नुसता उभाच आहे.”

जयवंतने कप खाली ठेवला. डबी, भोंगे, गोरेगावच्या म्हाताऱ्याचं बोलणं, सगळं एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं. भोंग्यातून गाणं दोन गल्ल्या पलीकडे जातं, पण एवढा खोल सूर त्याच्या पत्र्याला पेलतच नाही. तो अँपच्या आसपासच घुमून मेला होता. पहिल्या रांगेत मास्तरांना फार तर कुठेतरी पंखा लागल्यासारखी घरघर ऐकू आली असेल. हात वर केला तो दाद द्यायला नाही, आवाज वाढव म्हणून. धर्मा मात्र मागे जाऊन ऐकून आला होता, म्हणून तर त्याने डबी सोडून वरच्या पट्ट्या धरल्या, आणि त्याचा चेहरा पडला होता तोही दादाचा सूर बाहेर जात नाही या काळजीने.

प्रेमाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सरळ मनाने पुढे बोलून गेली. “पण एक झालं हां. धर्मा वाजवायला लागला ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं तुम्ही नक्की काय वाजवता ते. आधी नव्हतं, मग आलं. गाणं कसं भरल्यासारखं वाटलं.”

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत आपल्या बायकोला जे आपण ऐकवू शकलो नाही ते धर्माने अर्ध्या कार्यक्रमात ऐकवलं, तेसुद्धा डबी न लावता. वाजवते ती डबी, हे जयवंतचं लाडकं वाक्य आता त्याच्यावरच उलटलं होतं.

विसर्जनानंतरच्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांना तालमीच्या हॉलवर बोलावलं. जयवंत निकाल मनाशी धरूनच गेला होता. मास्तर घसा खाकरून, कोणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाले, की जयवंतचं त्या दिवशी काही ऐकूच आलं नाही, अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, काय झालं होतं नक्की? जयवंत तोंड उघडणार तेवढ्यात मागून धर्मा बोलला.

“मास्तर, दादाच्या वायरमध्ये लोचा होता. पिन ढिली होती. मी नंतर हातात घेऊन बघितली.”

वायर धडधाकट होती. धर्माने ती हातातही घेतली नव्हती. जयवंतने वळून बघितलं तर पोरगा जमिनीकडे बघत होता आणि कानांपर्यंत लाल झाला होता. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, तरी तो बोलला होता. मास्तरांचा मात्र जीव भांड्यात पडला. त्यांना जुना माणूस दुखवायचाच नव्हता. ते लगेच म्हणाले, असं होय, मग त्यात जयवंतचा काय दोष, जाऊ दे की त्यालाच, धर्मा पुढच्या वेळी जाईल.

मस्कत समोर आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण जयवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. हरला असता तर त्याने धर्माला शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. धर्माने दाखवलेल्या दयेवर विमानात बसायचं, तिथे प्रत्येक कार्यक्रमात हे त्याने दिलेलं आहे असं स्वतःशी म्हणत वाजवायचं, परत येऊन त्याचं ते हसरं तोंड बघायचं, आणि त्याने कधीही, कोणालाही हे सांगायचं नाही, कारण तो सांगणाऱ्यातला नव्हता. त्या पोराकडे डबी होती, हात होता, आणि आता हा मोठेपणाही त्याच्याचकडे? एवढं जयवंतला सोसणारं नव्हतं.

“वायर बरोबर होती, मास्तर,” तो म्हणाला. “मी एक डबी आणली होती. धर्माला कळू नये म्हणून झाकून ठेवली आणि बाहेर जाऊन ऐकलं नाही. चूक माझी. धर्माला पाठवा.”

मग ट्रंपेटवाला उठून आला आणि त्याने जयवंतचा हात हातात धरला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला नि म्हणाले, असा सच्चा माणूस या लायनीत बघायला मिळत नाही. धर्माने तर सगळ्यांदेखत खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. जयवंतने रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या डोक्यावर एक सणसणीत टपली मारावी, असं त्याला फार वाटलं.

ट्रंपेटवाल्यामुळे ही गोष्ट जयवंतच्या आधी भटवाडीत पोचली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा प्रेमा दारातच उभी होती. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. अंगठीचा राग कुठल्या कुठे गेला होता. तिने विचारलं, खरंच तुम्ही धर्माला पाठवा म्हणालात? तो हो म्हणाला. तिने विचारलं, का?

एवढं बघून जयवंतला राहवलं नाही. निदान एका माणसाला तरी खरं सांगावं म्हणून तो म्हणाला, “त्याचे उपकार नको होते मला.”

“तेच तर,” प्रेमा म्हणाली. “कोणाचं फुकटचं घेणार नाही, असा स्वभाव तुमचा.”

“तसं नव्हे गं. मी जळतो त्याच्यावर. अजून जळतो. विमान सुटेल ना त्याचं, त्या दिवशी मला घास जाणार नाही.”

प्रेमा हसली. तिने त्याच्या हातातली गिटार घेऊन नीट कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाली, “जळणारा माणूस असं तोंडाने सांगतो काय कधी?”

मग ती शकुला सांगायला शेजारी गेली. भिंत पातळ होती. तिचा तो अभिमानाने भरलेला आवाज जयवंतला शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्याने पुन्हा कधी कोणाला खरं सांगायचा प्रयत्न केला नाही.